पोपटी घराचं गाऱ्हाणं

चंद्रप्रकाश धुरींनी आयुष्यात एखादा आकडा होता तेवढाच सांगितला असेल, तर त्याला साक्षीदार नाही. बोरिवली पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत एकदा गच्चीवरची टाकी गळली आणि चार बादल्या पाणी जिन्यात आलं. तिसऱ्या दिवशी खालच्या बाकावर चंद्रप्रकाश सांगत होते, की तळमजल्याची माणसं होडीतून दूध आणायला गेली. राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या एकदा भिंत ओलांडून आवारात शिरला, हे खरं. ठसे वनखात्यानेही पाहिले. पण जिन्यात त्याची गाठ चंद्रप्रकाशांशी पडली, त्यांनी त्याला "कोणाकडे जायचंय? आधी वहीत नाव लिहा," असं दरडावलं, आणि वही बघून बिबट्या जो पळाला तो थेट ठाण्याच्या बाजूने बाहेर पडला, हे मात्र एकट्या चंद्रप्रकाशांनीच पाहिलं.

लोक ऐकत, हसत, आणि चहा पाजत. थाप मारणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक. असा तो स्वच्छ व्यवहार होता.

एकच जागा अशी होती, जिथे ही जीभ नाकासमोर चाले. गाऱ्हाणं घालताना. मालवणच्या पुढे पाणवळ नावाचं त्यांचं गाव. तिथे देवासमोर नारळ ठेवून, हात जोडून, साऱ्या वाडीच्या वतीने मोठ्या आवाजात म्हणणं मांडायचा मान धुरींच्या घराण्याचा. एकाने मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा!" असा टेकू द्यायचा. टेकू नसेल तर गाऱ्हाणं पोचत नाही. वडिलांनी चंद्रप्रकाशांना दहाव्या वर्षीच बजावलं होतं, "चंद्या, गाऱ्हान्यात खोटा बोललंस तर देव रागावणा नाय. तो फकत आयकूचा बंद करता."

ही धमकी अशी काही आत जाऊन बसली, की अडुसष्टाव्या वर्षापर्यंत हलली नाही. सोसायटीत नवीन काही आलं, लिफ्ट, पंप, सेक्रेटरी, की पहिला नारळ चंद्रप्रकाशांचा. पंपाच्या वेळी तर त्यांनी सगळ्या सभासदांदेखत देवाला सांगून टाकलं, की हा पंप कमिटीने स्वस्तातला उचललाय, तेव्हा पुढचं तूच बघ. कमिटीचे चेहरे पडले. पंप अकरा वर्षं चालला.

आता घराकडे वळू, कारण सगळं रामायण त्या घराचं.

पाणवळचं धुरींचं घर म्हणजे चिऱ्याचं, कौलारू, चित्रात काढतात तसलं काही नव्हतं. चंद्रप्रकाशांच्या वडिलांनी गिरणीत तीस वर्षं घासून ते सिमेंटचं बांधलं, वर स्लॅब टाकला, फाटकावर दोन सिंह बसवले, त्यातला एक हसतो. आणि गिरणीत मशीनना लावून उरलेला रंग गावी नेऊन चारी भिंतींना फासला. पोपटी. पोपटाने बघितला तर खालमानेने उडून जाईल, असा पोपटी. खोल समुद्रातले मच्छीमार दिवसा त्या रंगावरून घराची दिशा ओळखतात म्हणे. त्यानंतर तीनदा घर रंगवलं, तीनही वेळा आतला पोपटी वर आला. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि तोच रंग पुन्हा दिला.

त्या घरात चंद्रप्रकाशांचा चुलतभाऊ लवू आणि त्याची बायको चंपा राहत. लवूची होडी गेली आणि हातातलं काम गेलं, त्या वर्षी चंद्रप्रकाशांनी फाटकातल्या हसऱ्या सिंहावर हात ठेवून त्याला सांगितलं होतं, "ह्या घर उभा आसा तवसर तुझी चूल हयच." तिथे नारळ नव्हता, पण शब्द गाऱ्हाण्यातलाच होता.

आणि नेमकं तेच घर चंद्रप्रकाशांचा मुलगा हर्षद भाड्याने द्यायला निघाला होता.

हर्षद अंधेरीला एका कंपनीत होता. सुट्टीवर जाणारी माणसं मोबाइलवर राहायची जागा कशी निवडतात, याचा अभ्यास करायचा आणि हॉटेलवाल्यांना तो विकायचा, हे कंपनीचं काम. बोट फोटोवर किती सेकंद थांबतं, किंमत बघून किती जण मागे फिरतात, आधी तारे मोजतात की शेरे वाचतात, सगळं हर्षदला पाठ. बायको श्रुतिका आणि तो तिथेच अंधेरीला राहत. गावी मात्र आठ वर्षांत गेला नव्हता. घर बघायचं झालं तर उपग्रहाच्या नकाशावर बघे. तिथूनही पोपटी दिसतं.

"पप्पा, मालाडचा तो श्रेयस आहे ना, तो नऊ वर्षांच्या कराराला तयार आहे," मार्चातल्या एका रविवारी तो म्हणाला. "अंगणात स्विमिंग पूल टाकणार. व्हिला करणार. झकास काम करतो तो."

"आणि लवू-चंपा?"

"त्यांचं बघू ना काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय? पूलमध्ये सोडणार?"

प्रेमा, म्हणजे चंद्रप्रकाशांची बायको, आतून म्हणाली, "अरे, पाहुणे आपणही ठेवू शकतो ना? चंपाच्या हातचं जेवण कोणाला नको असेल?"

"आई, जेवणाचा वास फोटोत येत नाही."

"मग फोटोचा काय उपयोग रे मेल्या?"

शेवटी करार झाला, पण बाप-लेकाचा. घर ऑनलाइन टाकायचं. मेच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत दहा बुकिंगं झाली, तर लवू-चंपा तिथेच आणि पाहुणेही तिथेच. नाही झाली, तर पाच वाजता श्रेयस कागद घेऊन येणार आणि चंद्रप्रकाश सही करणार.

"दहा?" चंद्रप्रकाश म्हणाले. "शंभर सांग. एवढ्याशासाठी माझा मोबाइल कशाला झिजवतोस!"

घर त्यांच्या नावावर, म्हणून खातंही त्यांच्याच नावाने उघडलं. मजकूर हर्षदने अंधेरीत बसून लिहिला. लवूने पाठवलेल्या फोटोंतला पोपटी त्याने कापला, उरला तो धुऊन पांढरा केला. घराला नाव दिलं 'ब्लू होरायझन'. तिथून निळं काही दिसत नव्हतं, मधे काजूची बाग होती. खाली लिहिलं, 'समुद्र दोन मिनिटांवर.'

"दोन मिनिटं कोणाची रे? समुद्राची?" चंद्रप्रकाशांनी विचारलं.

"असंच लिहितात पप्पा. तुम्ही मला थापांबद्दल बोलणार?"

"बोलणारच. त्यातलं मला कळतं. थाप मारावी, तर ऐकणारा हसला पाहिजे. तू मारलीस ती वाचून माणूस बॅग भरेल. ही थाप नाही बाबा, फसवणूक आहे."

तीन आठवडे गेले. बुकिंग एकही नाही. हर्षदचं शास्त्र म्हणत होतं, ज्या जागेखाली एकही शेरा नाही तिथे कोणी फिरकत नाही. "उपाहारगृह रिकामं असलं की आपण तरी आत शिरतो का?" तो म्हणाला. चंद्रप्रकाशांनी मान डोलावली, आणि त्याच दुपारी 'धुरी परिवार, पाणवळकर' या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फर्मान काढलं: सर्वांनी आपल्या घराखाली पाच तारे द्यावेत, कोणीही मागे राहू नये.

कोणीही मागे राहिलं नाही. मुलुंड, घाटकोपर, भांडुप, विरार, एका दुपारी अडतीस धुरींनी अडतीस गुणिले पाच तारे ओतले. 'छान', 'फारच छान', 'चंदूदादांचे अभिनंदन'. घाटकोपरच्या खंडूकाकांचं बोट सवयीने चाललं, त्यांनी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' तारे मात्र पाचच दिले.

दुसऱ्या सकाळी साइटने सगळे पुसून टाकले आणि वर ताकीद दिली.

"पप्पा!" हर्षद फोनवर ओरडत होता. "एकाच आडनावाची अडतीस माणसं एकाच दिवशी त्या एकाच घरात राहून गेली, असं दिसत होतं तिथे!"

"मग? गणपतीत राहतातच की."

शेवटी मेच्या पहिल्या आठवड्यात देव पावला. मुलुंडचं एक तरुण जोडपं, अनय आणि शर्मिष्ठा, तीन दिवसांसाठी आलं. बुकिंग नंबर एक. चंद्रप्रकाश बोरिवलीहून दिवसातून सहा वेळा फोन करत, आणि लवू दर वेळी सांगे, "पावणे खुश आसत दादा. बोलणत नाय, पण आयकतत बरे."

पाहुणे घरी गेले आणि चौथ्या दिवशी त्यांचा शेरा आला. दुपारची वेळ. प्रेमाने चष्मा लावून मोठ्याने वाचला:

"फोटोत घर पांढरं दिसतं. प्रत्यक्षात ते इतकं पोपटी आहे की डोळे मिटल्यावरही दिसतं. समुद्र दोन मिनिटांवर नाही, पंचवीस मिनिटांवर आहे. कोंबडा साडेचारला आरवतो, अगदी खिडकीत येऊन. मोबाइलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढल्यावर मिळते. लवूकाका बोलायला लागले की थांबत नाहीत. चंपाकाकूंनी पहिल्याच जेवणाला माझ्या बायकोला विचारलं, मुलंबाळं कधी. दोन तारे. त्यातला दुसरा फक्त बांगड्याच्या तिखल्याला."

पाच मिनिटांत अंधेरीहून फोन. "वाट लागली पप्पा. पहिलाच शेरा, आणि दोन तारे! आता कोण कुत्रं येणार नाही. ऐका, तुम्ही काही लिहू नका. मी ऑफिसातून व्यवस्थित उत्तर पाठवतो: आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आम्ही सुधारणेसाठी कटिबद्ध आहोत."

"कटिबद्ध म्हणजे काय करणार आपण? कोंबडा कापणार?"

"पप्पा, प्लीज. हात लावू नका मोबाइलला."

चंद्रप्रकाशांनी फोन ठेवला. शेऱ्याखाली एक चौकोन होता. त्यात फिकट अक्षरांत लिहिलेलं होतं: 'यजमान म्हणून आपलं म्हणणं इथे मांडा.'

त्यांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. म्हणणं मांडा. आजवर कोणी त्यांना इतकं सरळ आमंत्रण दिलं नव्हतं. पाहुण्याने आपली तक्रार साइटच्या कंपनीकडे मांडली. आता कंपनी यजमानाचं ऐकायला बसली आहे, इतकं ते स्वच्छ होतं. तारे देणारी ती, पुसणारी ती, पाहुणे धाडणारी ती. दिसत कधीच नाही, पण सगळं तिच्याच हातात. असल्या सत्तेपुढे कसं बोलायचं, हे धुरींच्या घराण्याला कोणी शिकवायला नको होतं.

"प्रेमा, नारळ आहे का घरात?"

"आहे. चटणीचा."

"आण. आणि मागे उभी राहा. तूच लिहायचंस."

प्रेमाने शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं टायपिंग केलं होतं. मोबाइलवर तिची बोटं तीळ भाजल्यासारखी तडतडत. चंद्रप्रकाश अंघोळ करून आले, टेबलावर तांदूळ पसरून नारळ ठेवला, आणि कुंकवाचं बोट मोबाइलकडे नेणार तोच ती म्हणाली, "अहो, नारळाला लावा. मोबाइलचा काचेचा भाग आहे तो."

मग त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि असा आवाज लावला, की समोरच्या इमारतीतल्या बायका गॅलरीत आल्या.

"बा कंपनीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" प्रेमा म्हणाली, आणि तेही टाइप केलं. टेकू नसेल तर पोचत नाही.

"आज मुलुंडच्या अनय आणि शर्मिष्ठा, ह्या लेकरांनी तुझ्यासमोर जा काय सांगल्यानी, ता सगळा खरा आसा रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"घर पोपटी आसा. रंग माझ्या बापाशीन मिलच्या मशीनीचो उरलेलो आणल्यान. झील माझो हुशार, तेणा तो फोटोतसून कापून काढल्यान. घरातसून काय तो निघणा नाय!"

"होय म्हाराजा!"

"दर्या पंचवीस मिनिटांर आसा. वाटेत लवूक कोण गावलो, तर दोन तासांर आसा. नाव ब्लू काय ता ठेवला, पण हयसून काजी दिसतत, दुसरा काय दिसणा नाय!"

"होय म्हाराजा!"

"कोंबडो साडेचाराक आरवता. तेका कापूक तीनदा धरलो. तिनय वेळा चंपाच्या डोळ्यांत पाणी इला. आता तेचा नशीब थोर, आमचा वायट!"

"होय म्हाराजा!"

"टाकयेर रेंज गावता. पण शिडयेची तिसरी पायरी मोडकी आसा, ता ह्या लेकरांनी सांगूक नाय, ता मी सांगतंय. चंपा सगळ्यांक पोरांचा इचारता. तिका स्वताक झाला नाय म्हणून इचारता. तिच्या मनात वाकडा नाय रे म्हाराजा!"

इथे प्रेमाचा होकार जरा उशिरा आला. पण आला.

"ज्या कोणाक शांतता व्हयी, तेका ती लवू गावाक देवचो नाय. पण जो उपाशी इलो, तो उपाशी परत जावचो नाय, ह्या मी नारळार हात ठेवन सांगतंय. ह्या घरात लवू-चंपाची चूल आसा. ती इजवची पाळी माझ्यार आणू नको रे म्हाराजा! जी काय चूकभूल झाली, ती माझ्या पदरात घाल. आणि ज्येंका असला घर चलता, तेंका वाट दाखव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

प्रेमाने शेवटचं टिंब दिलं, नारळाकडे एकदा बघितलं आणि 'पाठवा'वर बोट दाबलं. मग नारळ फोडून चटणी केली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हर्षदचा फोन. आवाज असा, जणू अंधेरीत छत कोसळलं आहे.

"पप्पा, काय लिहिलंत तुम्ही?"

"तुला कसं कळलं? कंपनीने फोन केला?"

"कंपनी कुठली! तो चौकोन सगळ्यांसाठी असतो पप्पा. सगळं जग वाचतं ते! माझ्या ऑफिसात छापून भिंतीवर लावलंय. बॉस येता-जाता मला 'होय म्हाराजा' म्हणतोय!"

चंद्रप्रकाश खुर्चीत बसले. थाप मारताना ते हजारदा पकडले गेले होते आणि हजारदा हसले होते. खरं बोलताना पकडले जायची ही पहिलीच वेळ. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही तर चारचौघांत गंजिफ्रॉक काढल्यासारखी गत झाली.

पण ती गरमी किती वेळ टिकणार? "वाचू देत," ते म्हणाले. "खोटं काय आहे त्यात? एक वाक्य दाखव."

हर्षदने फोन ठेवून दिला.

संध्याकाळी मोबाइल टिंग वाजला. घाटकोपरच्या स्वरदा नावाच्या शिक्षिकेने चार दिवसांचं बुकिंग केलं होतं आणि खाली चिठ्ठी: 'कोंबड्याच्या बाजूची खोली मिळेल का? गजर लावूनही मला जाग येत नाही.' मग देवनारचं एक कुटुंब: 'आमच्या खिडकीतून कचऱ्याचा जो डोंगर दिसतो तो पाहता, पोपटी रंग आम्हाला फार आवडेल.' मालाडच्या एका ऑफिसातल्या सहा जणींनी दोन खोल्या घेतल्या आणि विचारलं, शिडीच्या उरलेल्या पायऱ्याही काढून ठेवता येतील का, म्हणजे साहेबांचा फोन लागायला नको. मुलुंडचे एक निवृत्त गृहस्थ एकटेच येणार होते. त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्याशी दिवसभरात कोणी बोलत नाही. लवूकाकांना माझा नमस्कार सांगा.'

ही चिठ्ठी चंद्रप्रकाशांनी लवूला फोनवर वाचून दाखवली. लवू आयुष्यात पहिल्यांदा अर्धं मिनिट गप्प बसला.

पुढच्या रविवारी हर्षद लॅपटॉप घेऊन बोरिवलीला आला. डोळ्यांत वेगळीच चमक. "पप्पा, आमच्याकडचा सगळा अभ्यास उलटा वाचायला हवा होता. माणूस वाईट शेरे आधी वाचतो. का? घाबरायला नाही. तो बघतो, यातलं वाईट मला चालण्यासारखं आहे का. झुरळं चालणार नाहीत. पण कोंबडा चालेल. आणि यजमान 'होय, खरं आहे' म्हणाला, की उरलेलं सगळं त्याला खरं वाटायला लागतं. बांगडासुद्धा!"

"हे मला माहीतच होतं," चंद्रप्रकाश म्हणाले. ही सरळ थाप होती. "तुझ्या आजोबांनी कोंबडा पाळला तोच त्यासाठी."

"मग आता ऐका. सातच झालीत, सात दिवस उरलेत. मी ऑफिसातल्या मित्रांना सांगतो, ते आणखी चार-पाच तक्रारी लिहितील. गमतीदार. विहिरीत आवाज येतो, सिंह रात्री रडतो. तुम्ही प्रत्येक तक्रारीला गाऱ्हाणं घालायचं. दहा काय, पन्नास होतील यार!"

प्रेमाचा हात भाजी चिरता चिरता थांबला. चंद्रप्रकाशांनी मुलाकडे असं बघितलं, जसं जिन्यात बिबट्याकडे बघितलं होतं म्हणतात.

"सिंह रडतो, हे मी खाली बाकावर आजच सांगतो. चांगलं आहे, मला सुचायला हवं होतं. पण गाऱ्हाण्यात नाही."

"पप्पा, देव कुठे आहे त्यात? वेबसाइट आहे ती!"

"ऐकणारं कोणीतरी आहे ना? झालं तर."

"आणि दहा नाही झाली तर? लवूकाकाला काय सांगणार?"

चंद्रप्रकाशांनी झोपाळ्याला एक जोराचा झोका दिला. आणि ते नेहमीपेक्षा ठामपणे म्हणाले, "होतील."

मेचा शेवटचा रविवार उजाडला तेव्हा आकडा आठवर होता. दुपारी साडेतीनला नववं आलं. मुलुंडहून, अनय आणि शर्मिष्ठा. पुन्हा. चिठ्ठी शर्मिष्ठाची होती: 'तारे दोनच राहतील, घर अजून हिरवंच असणार. दिवाळीनंतरचं बुकिंग करतोय. चंपाकाकूंना सांगा, आता विचारलं तरी चालेल.' प्रेमाने ते दोनदा वाचलं आणि डोळ्यांना पदर लावत, "कांदा फार तिखट आहे," असं म्हणाली. चिरत होती ती भेंडी.

साडेचारला श्रेयस आला. मालाडचा, तिशीतला, बोलायला गोड माणूस. कागद प्लॅस्टिकच्या फाइलीत नीट लावून आणलेले. त्याच्या मागोमाग हर्षद. चंद्रप्रकाश मोबाइल हातात घेऊन झोपाळ्यावर बसले होते. घड्याळाचा काटा पुढे गेला. पावणेपाच. पाचला पाच. मोबाइल एकदा वाजला, सगळे दचकले; गॅसचा मेसेज होता.

समोरच्या घड्याळात पाच वाजले.

"बोला पप्पा," हर्षद म्हणाला. "किती झाली?"

मोबाइल चंद्रप्रकाशांच्याच हातात होता. पडदा दुसऱ्या कोणाला दिसत नव्हता. दहा म्हटलं असतं तर त्या खोलीत तपासायला कोणी उठलं नसतं. उद्यापर्यंत दहावं आलंही असतं. जीभ सवयीने उचलली गेली. तिला तर तेवीस म्हणायचं होतं. पण त्यांच्या डोळ्यांसमोर हसऱ्या सिंहावर ठेवलेला स्वतःचा हात आला. लवूला दिलेला शब्द खोट्या आकड्यावर उभा करायचा, तर मग तो शब्द राहिला कुठे? आणि त्या चौकोनात जे मांडलं होतं, ते ऐकणाऱ्याने इथून पुढे ऐकायचं बंद केलं तर?

"नऊ," चंद्रप्रकाश म्हणाले.

स्वयंपाकघरात प्रेमाच्या हातून झाकण पडलं. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याच्या तोंडून असा आकडा ऐकला नव्हता.

हर्षद बापाकडे बघतच राहिला. त्याच्या सातवीच्या निकालाचे टक्के, घरी आलेला पापलेट, राष्ट्रीय उद्यानातला बिबट्या, सगळे या माणसाने वाढवून सांगितलेले आकडे होते. आणि आज, घर हातातून जाताना, आकडा फक्त एकाने वाढवायचा होता, तर म्हणे नऊ.

श्रेयसने फाइल उघडली. पेनाचं टोपण काढून पुढे केलं.

"एक मिनिट," हर्षद म्हणाला. त्याने खिशातून स्वतःचा मोबाइल काढला आणि खाली मान घालून बोट चालवू लागला.

चंद्रप्रकाशांच्या हातात टिंग झालं. त्यांनी चष्मा वर केला आणि वाचलं. बुकिंग. दोन प्रौढ. नाव: हर्षद चंद्रप्रकाश धुरी. चिठ्ठी: 'शिडीची तिसरी पायरी मी दुरुस्त करतो. कोंबड्याला हात लावू नये.'

"पाच वाजून गेले रे," चंद्रप्रकाश म्हणाले.

"ते घड्याळ चार मिनिटं पुढे आहे पप्पा. तुम्हीच केलंय. तुमच्या घरात खरं सांगणारं एक घड्याळसुद्धा नाही." मग तो श्रेयसकडे वळला. "सॉरी यार. कागद राहू देत."

श्रेयसने टोपण लावलं. रागावला नाही, त्याने फक्त विचारलं, "काका, ते तिखलं नुसतं जेवायला आलं तर चालतं का, की राहावंच लागतं?"

"राहावं लागतं," प्रेमा आतून म्हणाली. "लवूभावजी ऐकल्याशिवाय सोडत नाहीत." आणि मग हर्षदला, "आणि तू रे, परत आल्यावर पाच तारे देऊ नको हं. आडनाव बघून पुसून टाकतील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर नेहमीची मंडळी जमली. चंद्रप्रकाशांनी पाय वर घेतले, पाठ टेकली आणि सुरुवात केली: "तर रविवारी पाच वाजता काय झालं! एकशे सत्तर बुकिंगं. मोबाइल इतका तापला, की प्रेमाने त्याच्यावर चपात्या भाजल्या. आणि तो मालाडचा माणूस कागद टाकून जो पळाला..."

वर दुसऱ्या मजल्यावर प्रेमा दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने चिमटा दातांतून काढला, खाली वाकली आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा टेकू दिला:

"होय म्हाराजा!"